तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे

“काका, तेवढा ओटीपी सांगता का?”

फोनवर इंटरनेट कंपनीचा तंत्रज्ञ होता. राउटरवरचा लाल दिवा लागून दोन दिवस झाले होते, तक्रार नोंदवून दीड. मला वाटलं पोरगा खाली गेटपाशी उभा आहे. म्हटलं, “वर ये की, मग देतो.” तो घुटमळला. “काका, आज नाही जमायचं, मी सिडकोत अडकलोय. पण सहाच्या आत तुमची कम्प्लेंट क्लोज झाली नाही तर माझे पैसे कापतात. उद्या सकाळी पहिला तुमच्याकडेच येतो, आईशप्पथ.”

दिला ओटीपी. पोराची दया आली म्हणून, आणि न देऊन तरी कोणता दिवा लागणार होता म्हणून. मिनिटभरात मेसेज आला: ‘तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला १ ते ५ पैकी किती गुण द्याल?’ समोर लाल दिवा मिचमिचत होता.

गंमत अशी की हा ओटीपी माझ्याच भल्यासाठी आणलेला आहे. तंत्रज्ञाने काम न करताच ‘झालं’ म्हणून लिहू नये, ग्राहकाने होकार दिल्याखेरीज तक्रार मिटू नये, म्हणून तो ग्राहकाच्या फोनवर येतो. कल्पना चांगलीच होती. पण तिला मुदत जोडली, मुदतीला दंड जोडला, आणि एकेका पोराच्या गळ्यात दिवसाला डझनभर तक्रारी बांधल्या. मग ओटीपी ही गयावया करून मिळवायची वस्तू झाली. वरच्या कचेरीतल्या साहेबाच्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसत असणार. इतक्या तक्रारी आल्या, इतक्या मुदतीत मिटल्या. माझ्या घरातला लाल दिवा त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

संगणक चुकतो, सॉफ्टवेअर अडकतं, वायर तुटते, याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाने केलेली वस्तू आहे, बिघडणारच. माझं म्हणणं बिघाडानंतरच्या गोष्टीबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत अशी व्यवस्था उभी राहिली आहे की ज्याच्याशी आपल्याला बोलता येतं त्याच्या हातात काही नसतं, आणि ज्याच्या हातात असतं तो बोलायला मिळत नाही. हा अपघात नाही. कंपन्यांना हे स्वस्त पडतं, आणि जोवर कायदा ते महाग करत नाही तोवर ते असंच राहणार.

माझा भाचा दोनेक वर्षं ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये होता. कोणाचं काम ते बाहेर सांगायचं नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. तो म्हणायचा, “मामा, समोर ग्राहकाचं सगळं दिसतं. नाव, पत्ता, मागचे सहा महिने त्याने किती फोन केले, मागच्या वेळी चिडला होता का, तेसुद्धा. चूक कुठे झालीय तेही कधीकधी डोळ्यांसमोर असतं. पण बदलायचं बटण करड्या रंगाचं. दाबलं तरी दबत नाही.” त्याच्या हातात एवढंच, की ग्राहकाचं म्हणणं टाइप करून ‘पुढे’ पाठवायचं. पुढे म्हणजे कुठे, हे त्यालाही माहीत नसे. फोन सरासरी किती मिनिटांत संपवला यावर त्याचे गुण ठरत. शिवाय त्याला मराठी ग्राहक द्यायचे म्हणून घेतलं आणि निम्मे फोन हिंदीचे दिले. तिकडे ‘मराठीसाठी तीन दाबा’ म्हटल्यावर इमानाने तीन दाबणाऱ्याला “जी, बताइए” ऐकू येतं, त्याचं मूळ अशा एखाद्या वेळापत्रकात असावं.

म्हणजे आपण ज्याच्यावर ओरडतो तो पगार घेऊन ओरडा खायला ठेवलेला माणूस आहे. पूर्वी मोठ्या घरांत पोरांच्या वाटचा मार खायला एखादा गडी असायचा म्हणतात, त्यातलाच प्रकार. त्याला शिव्या देऊन आपला राग निवतो आणि कंपनीचं काही बिघडत नाही.

आता कुणी म्हणेल, जुने दिवस काय सोन्याचे होते? नव्हतेच. टेलिफोनची तार मिळायला वर्षानुवर्षं रांगेत नाव असे. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या घरी चकरा, बँकेत पासबुक भरायचं तर ‘मशीन बंद आहे, उद्या या’. मी संगणकाच्या विरोधात नाही. सातबारा घरबसल्या दिसतो, भाजीवाली मावशी सुट्ट्यांवरून भांडायच्या ऐवजी क्यूआरचा पुठ्ठा पुढे करते, हे मला मनापासून आवडतं. पण ‘उद्या या’ काही कुठे गेलेलं नाही. ते आता ‘कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ असं म्हणतं. ‘साहेब जागेवर नाहीत’चं ‘सर्व्हर डाऊन आहे’ झालं. फरक पडलाच तर एवढा, की साहेबाची खुर्ची रिकामी आहे की नाही हे निदान दारातून डोकावून बघता येत होतं. खुर्ची भरली की आपण आत शिरत होतो. आता दारच नाही.

आणि दार नसलं की काय होतं, ते आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांकडून ऐका. त्यांचं पार्सल अडकलं होतं. ॲपमध्ये फोन नंबर कुठेच नाही. ‘मदत हवी आहे?’ असं विचारणारी एक चौकट, तिच्यात ठरलेले सहा प्रश्न, आणि सरांचा प्रश्न सातवा. म्हणून त्यांनी गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. मिळाला. समोरच्याने दुसऱ्या रिंगला फोन उचलला. ‘सर’ म्हणाला, नाव विचारलं, पूर्ण म्हणणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं, गैरसोयीबद्दल वाईट वाटलं म्हणाला. मग फोनमध्ये एक ॲप टाकायला लावलं, ‘पाच रुपये व्हेरिफिकेशनचे’ भरायला लावले, आणि काम संपेपर्यंत लाइनवर थांबला. काम संपलं तेव्हा खात्यातले १९ हजार गेले होते. मुलीने लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावला, त्यामुळे पुढचे वाचले. नंतर सर मला जे म्हणाले ते मी विसरणार नाही. “अहो, इतक्या वर्षांत कस्टमर केअरवर माझ्याशी इतकं नीट कुणी बोललंच नव्हतं.”

हा प्रकार नवा नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं की एनीडेस्कसारखं, एकाचा फोन दुसऱ्याला दुरून चालवू देणारं, एरवी अगदी सरळ कामासाठी असलेलं ॲप लोकांच्या फोनमध्ये टाकायला लावून पैसे काढले जात आहेत. शोधयंत्रांवर खोटे मदत क्रमांक पेरले जातात हेही तिने पुढे लोकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत सांगितलं. तेव्हापासून आपल्याला ‘सावध राहा’ची ट्यून ऐकवली जाते आहे. राहावंच. पण लोक गूगलवर नंबर का शोधतात हा प्रश्न कुणी कंपन्यांना विचारलेला मला दिसला नाही. खऱ्या दुकानाने पुढच्या दाराला विटा लावल्या की शेजारी खोट्या पाटीचं दुकान चालणारच. नंबर लपवून कंपनी कॉल सेंटरचा खर्च वाचवते, तो खर्च सरांच्या खात्यातून आणि सायबर पोलिसांच्या वेळेतून भरला जातो. बँकांची संकेतस्थळं ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत घातली, चांगलं केलं. पार्सलवाल्यांच्या आणि दुकानदार ॲपांच्या मदत क्रमांकांना असली काही खूण नाही.

कुणाला वाटेल, एवढं काय, इंटरनेट दोन दिवस बंद, पार्सल आठवडाभर उशिरा. जग बुडत नाही. खरंय. पण हीच घडी जरा मोठ्या गोष्टीवर बसली की काय होतं ते इंग्रजांनी दाखवलं आहे. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये होरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसवली. फुजित्सू कंपनीची. गावागावात दुकानाबरोबर पोस्टाची खिडकी चालवणारे सबपोस्टमास्तर संध्याकाळी हिशेब लावत, तर यंत्र म्हणे, तूट आहे. करार असा की तूट स्वतःच्या खिशातून भरायची. माणसं मदत क्रमांकावर फोन करत, आणि अनेकांना तिकडून उत्तर मिळे की असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे, बाकी कुणाचीच तक्रार नाही. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींची घरं गेली, काहींनी जीव दिला. त्यात भारतीय वंशाचेही बरेच होते. न्यायालय हे मान्य करत राहिलं, कारण इंग्लंडच्या कायद्यात गृहीतकच असं की उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर चालतो असं धरायचं. आता गावातल्या पोस्टवाल्या बाईने फुजित्सूचं सॉफ्टवेअर चुकतं हे सिद्ध कशाने करायचं? ५५५ जणांनी एकत्र येऊन दावा लढवला, डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा निकाल दिला, आणि मे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

या प्रकरणात मला सॉफ्टवेअरच्या चुकीपेक्षा तो मदत क्रमांक जास्त छळतो. शेकडो माणसं एकच तक्रार घेऊन एकाच ठिकाणी फोन करत होती, आणि प्रत्येकाला सांगितलं जात होतं की तू एकटाच. तिथे फोन उचलणाऱ्याच्या हातात ‘थांबा, हे तपासू या’ म्हणायची ताकद असती, तर हे वीस वर्षं चाललं नसतं.

आपल्याकडे ‘डोळे मिचकावा’चं प्रकरण झालं. मोबाईलवरून केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात, समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे कळावं म्हणून. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे जळालेल्या एका महिलेला २०२३ मध्ये बँक खातं उघडताना नेमकं तेच जमेना. यंत्राच्या लेखी ती जिवंतच नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं, आणि केवायसी सर्वांना करता यावी यासाठी २० निर्देश दिले. निकाल ऐतिहासिक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या मनात राहून राहून एवढंच येतं की बाई समोर उभी होती. बोलत होती. तिच्याकडे बघून ‘ही जिवंत आहे’ असं लिहायला एका माणसाची सही पुरली असती. ओरड झाल्यावर बँकेने पुढे तिच्यापुरता अपवाद केला, पण तेवढी सही हक्काने मिळावी यासाठी सर्वोच्च न्यायालय लागलं.

नियम नाहीत असंही नाही. ऑनलाइन दुकानांसाठी २०२० चे नियम आहेत: तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा, ४८ तासांत पोच द्यायची, महिन्यात तक्रार मिटवायची. दूरसंचार कंपन्यांना ट्राय या नियामकाची अट आहे की प्रतिनिधीशी बोलायला केलेले ९५ टक्के फोन ९० सेकंदांत उचलले जावेत. पण हे सगळे नियम फोन उचलण्याचे, पोच देण्याचे आणि मुदत पाळण्याचे आहेत. उचलणाऱ्याच्या हातात काय असावं याबद्दल कुणी बोलत नाही. त्यामुळे ४८ तासांची पोच आता यंत्रच दोन सेकंदांत देतं, आणि महिन्याची मुदत ओटीपी मागून पाळली जाते. मी स्वतः एका ‘तक्रार निवारण अधिकाऱ्या’ला तीनदा ईमेल केली. तिन्ही उत्तरं शब्दशः सारखी, स्वल्पविरामासकट. नाव मात्र माणसाचं होतं.

महाराष्ट्राकडे याचं एक बरं घरगुती उदाहरण आहे आणि आपण ते विसरतो. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम. दाखला हवा असेल तर तो किती दिवसांत आणि कोणत्या पदनिर्देशित अधिकाऱ्याने द्यायचा हे ठरलेलं. नाकारला तर कारण लेखी द्यायचं. मग पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग. आणि विनाकारण टाळाटाळ केली तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, त्याच्या स्वतःच्या खिशातून. कायदा सगळीकडे नीट चालतो असं मी म्हणणार नाही, तहसील कचेरीत मीही जातो. पण त्याची मांडणी शहाणपणाची आहे. ‘प्रणाली’ला दंड करता येत नाही हे त्याने ओळखलं आहे. पद लागतं, त्या पदावर माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या हातात काम करायचा अधिकार लागतो.

हेच जसंच्या तसं खासगी डिजिटल सेवांना लावावं. ज्या सेवेशिवाय आज घर चालत नाही, म्हणजे बँक, फोन, इंटरनेट, वीज, विमा, मोठी दुकानदार ॲप्स, त्यांनी ठरावीक ग्राहकसंख्येमागे दुरुस्तीचा अधिकार असलेला माणूस ठेवलाच पाहिजे. त्याच्या स्क्रीनवरचं बटण करडं असता कामा नये. खातं गोठवलं, परतावा नाकारला, अर्ज फेटाळला, तर ‘धोरणानुसार’ या शब्दापलीकडचं लेखी कारण मराठी ग्राहकाला मराठीत मिळालं पाहिजे. आणि ग्राहकाने ‘झालं नाही’ म्हटल्यावर तक्रार पुन्हा उघडली, तर आधी ती बंद केल्याचा भुर्दंड कंपनीला पडावा, तंत्रज्ञाला नाही. हे शेवटचं कलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सध्या दंड खालच्या पोराला आहे, म्हणून तो खोटं बोलतो. वरच्याला झाला तर तो माणसं वाढवेल.

खर्च वाढेल? वाढेल. महिन्याला पाच-दहा रुपये जास्त द्यावे लागतील, मी देईन. पण ‘लोक फालतू गोष्टींसाठी फोन करतात, म्हणून यंत्र हवं’ या युक्तिवादाचा अर्धा भाग मला मान्य आहे. शिल्लक किती, प्लॅन कधी संपतो, यासाठी माणूस नकोच. बॉट सांगू दे. फक्त तो जे सांगेल ते कंपनीचं बोलणं धरलं जावं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला घरातल्या मृत्यूच्या वेळच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. भरपाई मागितल्यावर विमानकंपनीच्या बाजूने असं मांडण्यात आलं की चॅटबॉट स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते फेटाळलं आणि ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम किरकोळ आहे. पण ‘आमचं यंत्र बोललं, आम्ही नाही’ असं कुणीतरी न्यायाधिकरणापुढे गंभीरपणे म्हटलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तोवर लोकांनी आपापली सोय लावली आहे. महा ई-सेवा केंद्रातला पोरगा हा निम्म्या महाराष्ट्राचा खरा कस्टमर केअर आहे. पन्नास रुपये घेतो, कोणत्या ब्राउझरवर फॉर्म चालतो आणि रात्री किती वाजता सर्व्हर हलका असतो हे त्याला पाठ असतं, आणि चुकलं तर त्याच्या टपरीवर जाऊन भांडता येतं.

आमचा तंत्रज्ञ चौथ्या दिवशी आला. रस्ता खणताना महापालिकेच्या जेसीबीने खांबापाशी वायर ओढली होती. दहा मिनिटांत जोडली, हात धुतले, चहा घेतला, आणि जाताना स्वतःचा नंबर दिला. “काका, परत काही झालं तर त्या नंबरवर नका करू, मला करा.” मी तो ‘नेटवाला’ म्हणून साठवून ठेवला आणि पुढचं वर्षभर खरोखर निश्चिंत होतो.

गेल्या महिन्यात दिवा परत लाल झाला. फोन लावला. “काका, मी ते सोडलं. पार्सल टाकतो आता,” तो म्हणाला. मागे हॉर्न वाजत होते. “पण एक करा. तक्रारीसाठी दोन दाबा म्हणतं ना, ते दाबूच नका. नवीन कनेक्शनसाठी एक आहे, ते दाबा.”

मी एक दाबलं. दुसऱ्या रिंगला माणूस आला. मराठी बोलत होता.